आसाराम गिरणीवाल्याची शर्यत

मिरजगावच्या आसारामची पिठाची गिरणी होती. वीस वर्षं पीठ छातीत गेल्यावर त्याला दोन पायऱ्या चढतानाही दम लागू लागला. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, रोज सकाळी घाम येईस्तोवर पळा. आसाराम सांगितलेलं ऐकणारा माणूस. दुसऱ्या दिवशी धोतराचा काचा मारून, कॅनव्हासचे बूट घालून तो माहीजळगावच्या रस्त्याला लागला.

पन्नाशीचा माणूस, मागं कुत्रं न्हाई, पुढं चोर न्हाई, तरी पळतोय, हे गावाला उमगेना. त्याची बायको साळूबाई विचारणाऱ्यांना सांगायची, "गिरणीचा पट्टा आणाय गेल्यात."

पहिल्याच दिवशी करमाळ्याला जाणारी यष्टी त्याच्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हर फक्रुद्दीन ओळखीचा. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"अण्णा, या लवकर. तुमच्यासाठीच थांबलोय."

भरलेली गाडी आपल्यापायी थांबलेली बघून आसाराम ओशाळला. नको म्हणवेना. चढला, माहीजळगावचं तिकीट काढलं आणि उन्हातून चालत परत आला. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी त्यानं हात जोडले.

"फक्रुद्दीनभाई, मला कुठं जायचं न्हाई."

"मग पळताय कशाला?"

"पळायलाच."

फक्रुद्दीननं हळूच गिअर टाकला.

ते दुष्काळाचं साल होतं. कुणी पळताना दिसलं की कुठंतरी सरकारी मिलो ज्वारी वाटतायत असं वाटून माणसं पिशव्या घेऊन मागं लागायची. आसारामच्या मागंही लागली. काही मिळत न्हाई हे कळायला त्यांना आठवडा लागला, तोवर त्यातल्या दहा जणांना सवय जडली होती. ते बघून शाळेतल्या काकासाहेब गुरुजींना सव्वीस जानेवारीला शर्यत घ्यायची कल्पना सुचली. स्टँडपासून माहीजळगावच्या रस्त्याला दोन मैलांवरच्या वडाला शिवून परत यायचं. गुरुजींनी नियम फळ्यावर लिहिला: 'जो दोरी तोडील तो पहिला.' बक्षीस पितळी घागर.

अकरा जण सुटले. आसाराम सगळ्यांच्या पुढं. वडाला शिवून तो मागं वळला, तेव्हा बाकीचे बरेच मागं होते आणि त्यांची जीभ बाहेर आली होती. ते वडापाशी पोचतात तोच करमाळ्याहून फक्रुद्दीनची गाडी आली. माणसं पळताना दिसली म्हणून सवयीनं त्यानं ब्रेक मारला. दहाही जण चढले. गाडी पुढं आसारामजवळही थांबली. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि पळत राहिला.

स्टँडवर रस्त्याच्या आरपार दोरी बांधली होती. यष्टीनं ती तोडली.

मग वाद सुरू झाला. गुरुजींनी फळा वाचला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला: गाडीत सगळ्यांत पुढं ड्रायव्हर, म्हणून फक्रुद्दीन पहिला.

"गुरुजी, मी तर बसून हुतो," फक्रुद्दीन म्हणाला.

"बाकीचेबी बसूनच हुते."

फक्रुद्दीननं घागर घेतली. दहा जणांना सीटप्रमाणं दुसरा ते अकरावा नंबर मिळाला.

आसाराम आला तेव्हा लोक पांगत होते. झालं ते त्यानं ऐकून घेतलं. घागरीचं त्याला काही वाटलं नाही. दोरी मात्र खाली पडलेली बघून त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, मलाबी तोडायची हुती."

गुरुजींनी दोरीला गाठ मारली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं फक्रुद्दीननं. आसाराम पन्नास पावलं मागं गेला आणि छाती काढून पळत आला. गाठ पक्की बसली होती, दोरी तुटेना. तो तिला रेटत राहिला, दोन टोकांना दोघं ओढत राहिले. शेवटी फक्रुद्दीनच्या हातातून टोक सुटलं आणि गुरुजींनी वहीत लिहिलं, बारावा.

पुढच्या वर्षी शर्यतीला चाळीस नावं आली. त्यातल्या छत्तीस जणांनी आधी गाडीची वेळ विचारली.