मी फोन ठेवल्यावर

माझं तोंड चालतं, हे आमच्या मोहल्ल्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. लग्न होऊन पांढरकवड्याला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "हाताले काम दे बाई, तोंडाले थोडा आराम." मी दोघांनाही काम दिलं. बरीच वर्षं मला त्याचा अभिमानसुद्धा होता. आपण स्पष्टवक्त्या, पोटात एक आणि ओठात एक असं आपलं नाही, असं मी चारचौघींत सांगायची.

घरातला फोन सासऱ्यांनी घेतलेला. ते शाळामास्तर होते. एक फोन पुढच्या खोलीत आणि त्याच वायरीवर दुसरा मागे, भासऱ्यांच्या खोलीत. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्या फोनची घंटा कधीचीच बिघडली होती, पण आमची वाजली की घरभर ऐकू जायची. पुढे कोणी बोलत असलं आणि मागे कोणी रिसीव्हर उचलला, तर सगळं ऐकू येई, मध्ये बोलताही येई. एकत्र होतो तोवर त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

सासरे गेले आणि वाटणी झाली. अंगणातून सरळ भिंत घातली. वावराच्या बांधावरून दोघा भावांची एकदा जोरात जुंपली, त्यानंतर बोलणं बंद झालं. खरं सांगायचं तर भाऊ लवकर थंडावले असते. त्यांना थंडावू दिलं नाही ते मी. फोन आमच्या हिश्श्याला आला होता, म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, "त्यायच्याकडची वायर तोडून टाका. आपल्या घरातलं बोलणं त्यायनं कायले ऐकावं?" त्यानं पकड शोधायला बराच वेळ लावला. मग पकड घेऊन मागच्या बाजूला गेला. परत आला तेव्हा पकड खिडकीत ठेवत म्हणाला, "झालं."

माझं माहेर मुकुटबनचं. वडील गेल्यावर आई तिथे भावाजवळ राहायची. तिच्या घरीही तसलाच जुना फोन. रोज दुपारी भावजय वावरात गेली की आई फोन लावायची. आधी "जय भीम बाई, जेवली का?" आणि त्यानंतर अर्धा तास माझा. मी बोलायची, ती ऐकायची. विषय बहुतेक एकच, भिंतीपलीकडची माझी मोठी जाऊ. तिचं चालणं, तिचं वाळवण, नळ आल्यावर तिचं आधी भांडं लावणं. जाऊबाई स्वभावानं अबोल. अबोल माणसावर माझा फार राग. उत्तर देत नाही म्हणजे मनात काहीतरी शिजवतेय, असं मी धरून चालायची.

बोंडअळीच्या त्या वर्षांत लोकांना दुसरं काही सुचत नव्हतं. बाहेरून हिरवंगार दिसणारं कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. सगळे फवारत सुटले होते. कोणतं औषध कशात मिसळायचं ते दुकानदार सांगेल तसं. अशाच एका फवारणीनंतर भासरे बांधावर पडले. त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिकडून आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. उजेड सोसत नव्हता, हात थरथरायचे. अंगणात खाटेवर बसून असायचे.

त्या दिवसांत मी फोनवर आईला म्हणाले होते, "नाटकं हायेत सारी. बांध घालाचं काम निघालं की यायचे डोळे जळतेत." आई गप्प झाली. मला वाटलं, लाइन गेली. मी "हॅलो, हॅलो" केलं आणि ठेवून दिला.

लाइन तशीही खराबच झाली होती. कधी नुसती खरखर. कधी आईचा आवाज एकदम बारीक व्हायचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, आणि मग मी अजून ओरडून बोलायची. फोन ठेवून लगेच कोणाला लावायला उचलावा, तर डायल टोन नसायचा. बायकांची कुजबुज मी उचलताच थांबल्यासारखी वाटायची, आणि मग कोणीतरी लाइनवर श्वास घेतंय असं. मी टेलिफोन ऑफिसला दोनदा तक्रार केली. म्हटलं, क्रॉस कनेक्शन आहे, दुपारी आमच्या लाइनवर भलत्याच बायका बोलतात. तिथल्या साहेबांनी सांगितलं की तांब्याची लाइन आता दुरुस्त होणारच नाही, सगळीकडे फायबर येतंय, नंबर तोच राहील, आवाज खणखणीत येईल आणि इंटरनेटही मिळेल. मुलीचं कॉलेज होतं, तिलाही ते हवंच होतं. मी घरी येऊन जाहीर करून टाकलं.

नवरा एरवी माझ्या शब्दाबाहेर नाही. या एका गोष्टीला मात्र तो आडवा आला. म्हणे, "जुना फोन लाइट गेल्यावर बी चालते. तो नवा डबा लाइट गेली की मुका." मी म्हटलं, मग बॅटरी लावू. तर म्हणे, आता सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं, तर म्हणे कापूस होऊ दे. मी त्याला चिकट म्हटलं, जुनाट म्हटलं, बापाच्या वस्तूला कवटाळून बसणारा म्हटलं. तो ऐकत राहिला. शेवटी मीच जाऊन अर्ज देऊन आले.

फिटर सकाळी आला. खांबावरून नवी बारीक वायर आणली, पुढच्या खोलीत पांढरा डबा ठोकला. मग जुनं काढायला ओट्यावर स्टूल घेऊन चढला. वळचणीखालची डबी उघडली आणि त्यानं विचारलं, "बाई, हे दुसरं कनेक्शन मांगं कुठं जाते? नव्या लाइनवर ते नाही चालणार, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "ते तं कधीचंच तोडलं."

त्यानं आपला फोन त्या तारेला लावून पाहिला. "नाही जी. चालू आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारातल्या चपला सरळ करत होता.

"तुमी तोडली होती ना?"

"तोडाले गेलतो," तो खाली पाहतच म्हणाला. "दादा समोर बसून होता. माह्या हातातली पकड पाहून राह्यला होता."

"मंग?"

"मंग काय. वापस आलो."

फिटरनं विचारलं, तोडू का? नवरा चपला सरळ करतच राहिला. त्यानं तोडली आणि गुंडाळी करून पिशवीत टाकली.

चालणं, वाळवण, नळ हे सगळं जाऊ द्या. काळा चष्मा आठवला आणि मी मोरीत जाऊन उगाच भांडी घासायला बसले. जाऊ भिंतीपलीकडे बसून ऐकत होती. आवाज बारीक व्हायचा तो तिनं रिसीव्हर उचलल्यामुळे, आणि मी मूर्खासारखी आणखी ओरडून सांगायची, म्हणजे एकही शब्द तिचा चुकायला नको. पहिल्यांदा रागही आला, चोरून ऐकते म्हणजे काय! पण तो राग भांडं विसळेपर्यंतसुद्धा टिकला नाही. नळ आला तरी मी बाहेर गेले नाही, मुलीला पाठवलं. चार घरं ऐकतील असं बोलणारी मी, त्या दिवशी घरातल्या घरात दबक्या पावलानं चालत होते.

दुपारी नवा फोन वाजला. आईच होती. आवाज इतका स्पष्ट की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी आज काहीच बोलले नाही. जेवले, बरी आहे, एवढंच. तिनंही फार विचारलं नाही. मी ठेवला. ठेवला तोच परत वाजला.

"काहून बाई, लाइन कटली का?" आई म्हणाली.

"मी ठेवला ना."

"तू ठेवला तं ठेवला. मंग ते बाई?"

"कोणती बाई?"

आईच्या बांगड्या वाजल्या. मग हळूच म्हणाली, "तुही जाऊ."

तेव्हा मला कळलं ते असं. मी माझा फोन ठेवला तरी मागचा उचललेला असला की जुनी लाइन तुटत नसे. भासऱ्यांच्या डोळ्यांवरून मी ते बोलले, त्या दिवशी आई सुन्न होऊन रिसीव्हर कानाला धरून बसली होती. मी ठेवला आणि पलीकडून तिला रडणं ऐकू आलं. आईनं विचारलं, कोण? उत्तर आलं, मी, मोठी. उगाच उचलला जी, तुमचा आवाज ऐकाले. माह्या माहेरी आता कोणी नाही.

"मले लय लाज वाटली," आई म्हणाली. "मी म्हणलं, बाई, माह्या पोरीचं तोंड वंगाळ, तिच्याकडून मी हात जोडतो. मंग दादाच्या डोळ्याचं पुसलं. तवापासून रोज बोलतो आमी. तू ठेवला की."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली. म्हणे, तिले समजलं तं ती तुमच्याशी मोकळं बोलणार नाही. तिलेबी मन मोकळं कराले जागा पाह्यजे ना."

मी डब्यावरच्या हिरव्या दिव्यांकडे पाहत उभी राहिले. एवढी वर्षं मी जिच्यावर रोज चिखल उडवला, तिला माझ्या मन मोकळं करण्याची काळजी होती. आणि मी ज्या भलत्या बायकांची ऑफिसात जाऊन तक्रार केली होती, त्या या दोघी.

"आता कसं होईन?" आई विचारत होती. "तिच्यापाशी माहा नंबर नाही. त्यायच्या घरचा मोबाइल तिचा पोरगा घेऊन जाते वावरात. तिले वाटन, आज म्हातारीनं फोनच नाही केला." मला जाणवलं, या फोनवर आईचीही काही ठेव होती. मी बडबडायची, पण माझ्यानंतर कोणीतरी तिला विचारायचं, तुमचं कसं आहे. मी कधी विचारलं होतं, आठवेना.

"जाय," आई म्हणाली. "तिले घेऊन ये. मी धरून हावो."

"आत्ता?"

"मंग कवा?"

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी निघाले. भिंतीला दार नव्हतंच, रस्त्यावरून वळसा घालून जावं लागायचं. वाटणीनंतर त्या अंगणात मी पाय ठेवला नव्हता. भासरे खाटेवर होते, काळा चष्मा माझ्याकडे वळला. मी डोक्यावर पदर घेतला. त्यांनी घराकडे हात केला.

जाऊबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीजवळ तो जुना फोन, रिसीव्हर खाली काढून ठेवलेला. त्यातून काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी मला पाहिलं आणि घाईघाईनं रिसीव्हर जागेवर ठेवला, एखाद्या पोरीला चोरी करताना धरावं तसा त्यांचा चेहरा झाला. चोरी माझी आणि चेहरा त्यांचा पडलेला. मला ते पाहवेना.

"आईचा फोन हाये," मी म्हटलं. "तुमच्यासाठी."

त्या उठल्या. पदराला हात पुसले. आमच्या दारात क्षणभर थांबल्या, मी "या ना" म्हटलं तेव्हा आत आल्या. मी खुर्ची पुढे केली आणि चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. पातेलं हातात घेतलं, पाणी घातलं नाही. कान तिकडेच.

"आई," जाऊबाई म्हणाल्या. माझ्या आईला त्या आई म्हणत होत्या. "हो जी, मी. बरी हावो. ... त्यायचे डोळे तसेच. ... तुमचा गुडघा?" मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मला कळलं आई काय बोलतेय, कारण जाऊबाईंचा आवाज बदलला. "नाही जी, नाही. आता कायले माफी? तुमची उमर काय, माही काय. रोज रोज असं हात नोका जोडू तुमी. मले पाप लागते."

रोज रोज. मी कपाळ ओट्याला टेकवलं. माझी म्हातारी आई मी ठेवलेल्या प्रत्येक फोननंतर माझ्या नावानं हात जोडत होती.

"नाही, तिनं आज मले काहीच नाही म्हटलं," जाऊबाई सांगत होत्या. "चांगली हाये पोरगी. सासूबाई आजारी होत्या तवा रात्र रात्र तिनंच काढली. मी पाह्यलं ना. बोलते फक्त." मग थोडं थांबून, "हो, इथंच हाये. देऊ?"

मी दारात आले होते. त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. मी तो घेतला नाही. आईशी मला बोलायचं नव्हतं. जिच्याशी बोलायचं होतं ती समोर खुर्चीत बसली होती, आणि जन्मभर चाललेलं माझं तोंड उघडेना. मी नुसते तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं एका हातानं मला दंडाला धरून थांबवलं आणि दुसऱ्या हातातला रिसीव्हर परत आपल्या कानाला लावला.

"आता नाही बोलू शकत ते," ती आईला म्हणाली. "रडून राह्यली. तुमी उद्या लावा."