फक्त गुणाकार

आमच्या गढा मोहल्ल्यातले इलेक्ट्रिशियन मीटर नेहमी छातीशी धरतात, आकडा समोरच्याला दिसू देत नाहीत. "अच्छा, अच्छा" असं स्वतःशीच पुटपुटतात आणि मग निकाल सांगतात. या सवयीमुळेच मी त्यांच्या प्रत्येक भेटीची वहीत नोंद ठेवते.

परवा आईच्या अंघोळीचं पाणी पुन्हा कोमट येऊ लागलं. त्यांनी गीझर तपासला. "दोनशे व्होल्ट, साडेसात अँपिअर. भागले तर जवळपास सत्तावीस ओहम, दोन हजार वॅटच्या रॉडचे एवढेच हवेत. रॉड चांगला आहे, दीदी. व्होल्टेजच कमी येऊन राहिलं."

मी वही उघडली. गेल्या हिवाळ्यातही हेच दोन आकडे होते, आणि तेव्हा रॉड खराब म्हणून यांनीच बदलला होता.

"मग तो चांगला रॉड काहून काढला, भैया?"

मीटर छातीवरून खाली आला. "तेव्हा मी फक्त गुणाकार करत होतो, दीदी. पंधराशे वॅट आले, गीझरवर दोन हजार लिहिलेले. वाटलं, रॉड गेला. भागाकार नंतर शिकलो."

असं कोणी कबूल करतं का? की पकडले गेल्यावर सुचलेलं उत्तर?

संध्याकाळी ते न बोलावता आले, गेल्या हिवाळ्यात काढून नेलेला जुना रॉड घेऊन. मीटर पहिल्यांदाच माझ्याकडे वळवून त्यांनी तो मोजला. सत्तावीस. "तुमचाच आहे," म्हणाले.

रॉड सगळे सारखेच दिसतात. मी तो ठेवून घेतला आणि वहीत 'तुमचाच आहे' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.