एकाच बेटाचे दोन खासदार

नाशिकच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी दुभाष्याचं काम करते. पाणी योजना, ग्रामपंचायती बघायला परदेशातून गट येतात, त्यांच्याबरोबर मी गावोगाव फिरते. एकदा प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाचे दोन खासदार आले. देश एवढा लहान की त्यांची सगळी संसद आमच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात मावली असती. तिथे पक्षच नाहीत. प्रत्येक जण आपल्या बेटावरून स्वतःच्या नावावर निवडून येतो आणि मग सगळे बसून पंतप्रधान ठरवतात.

दोघं एकाच बेटाचे. एक सत्तरीचे गृहस्थ, तिथले पाणीपुरवठा मंत्री, आधी शाळामास्तर. दुसरी पस्तिशीची, त्यांचीच विद्यार्थिनी. तिच्या निवडणुकीत ते होडीने घरोघरी फिरले होते, हे तिनेच मला पहिल्या दिवशी कौतुकानं सांगितलं. मी त्यांना सर म्हणायचे. ती मला ताई म्हणायला लागली.

ती दोनदा आमच्या घरी जेवायला आली. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत, ते शिफ्टवरून येईपर्यंत ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापायचा प्रयत्न करायची आणि मोडली की खो खो हसायची. तिला सहा वर्षांची मुलगी होती. तिच्यासाठी माझ्या मुलीचे जुने फ्रॉक मी काढून दिले. मला सख्खी बहीण नाही. त्या दहा-बारा दिवसांत मला वाटलं, अशीच असती.

दौऱ्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, उद्या तू सरांना हरसूलच्या बाजाराला घेऊन जा. कंदमुळं बघितली की ते खूष होतात. माझं पोट बिघडलंय, मी गेस्ट हाऊसवरच थांबते."

"चालेल की."

"आणि एक कर. त्यांना सारखे तिकडून फोन येतात. कुणाचं लग्न, कुणाची होडी. त्यांचा बीपी वाढलाय. उद्याचा दिवस तेवढा हॉटस्पॉट बंद ठेव."

त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम नव्हतं. गेस्ट हाऊसवर वायफाय होता, बाहेर पडलं की दोघांचेही फोन माझ्या मोबाइलवर चालायचे. मला तिची काळजी पाहून भरूनच आलं. आपल्या गुरुजींना एवढं जपणारी मुलगी.

सकाळी आम्ही निघालो. वाघेऱ्याच्या घाटात सरांनी फोन काढला.

"आज लागत नाही का?"

"इकडे रेंज नसते, सर," मी म्हणाले. माझ्या मोबाइलवर रेंजच्या दोन कांड्या दिसत होत्या.

हरसूलला ते लहान मुलासारखे झाले. एका बाईपुढे कंदांचा ढीग होता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, एकेक कंद उचलून माती झाडून वास घेऊ लागले. "उकडून खायाचं, लय गोड लागतं," बाई म्हणाली. मी भाषांतर केलं. ते म्हणाले, "हिला सांगा, आमच्याकडे हे लग्नात वाढतात." बाईनं एक कंद जास्तीचा टाकला. मी फोटो काढले. तो दिवस मला फार छान गेला, हे लिहितानाही लाज वाटते.

दुपारी गेस्ट हाऊसच्या फाटकातून आत आलो आणि त्यांचा फोन वाजायला लागला. एकामागून एक संदेश. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

"आमचं सरकार गेलं," ते म्हणाले. "तीनच मतांनी टिकून होतं. आपण बाजारात होतो तेव्हा तिकडे बहुमताच्या सह्यांचं पत्र पोहोचलं. तिची सही आहे, इथूनच पाठवलेली." मग पुढचा संदेश उघडून, "माझं खातं तिला मिळेल, असं लिहिलंय. काठावरचे दोघे खासदार आपण निघाल्यापासून मला फोन करत होते. मी बोललो असतो तर थांबले असते ते."

मी तिच्या खोलीकडे गेले. खोली रिकामी होती. चौकीदार म्हणाला, "मॅडम अकरालाच गेल्या, मुंबईला गाडी केली." फ्रॉकची पिशवी तिनं नेली होती. माझ्या मोबाइलवर तिचा संदेश होता: 'ताई, घाईत निघावं लागलं. तुझी फार मदत झाली.'

मी परत व्हरांड्यात आले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. रेंज होती. हॉटस्पॉट मी बंद ठेवला होता. तिनं बीपीचं सांगितलं होतं.

"मला बीपी नाही," एवढंच ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी कंदांची पिशवी उचलली, आचाऱ्याला उकडायला दिली आणि खोलीत गेले. घरी आल्यावर मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझा काय दोष? तुला काय ठाऊक?" पण खोटं मी बोलले होते. तिनं माझा चांगुलपणा नेमका ओळखला आणि वापरला, आणि माझ्याच तोंडून त्या माणसाला फसवलं. तिचा नंबर मी त्याच संध्याकाळी काढून टाकला.

सर उरलेले चार दिवस राहिले. प्रत्येक वर्गाला वेळेवर आले, चांदवडला कांदे साठवायच्या चाळीत वाकून वाकून टिपणं घेतली. माझ्याशी नम्रपणे बोलत, पण कामापुरतंच. जाताना ड्रायव्हरला मिठी मारली, मला नमस्कार केला.

काही महिन्यांनी मी धीर करून मेल लिहिला, माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं. पाऊस बरा झाला, टाक्या भरल्या. संसदेत त्यांच्याकडे विरोधकांचे वेगळे बाक नसतात, बेटवार बसतात. त्यामुळे ती अजूनही त्यांच्या शेजारीच बसते, मंत्री म्हणून. रोज सकाळी ती उठून त्यांना खुर्ची ओढून देते.

माफीबद्दल त्यात काहीच नव्हतं. मी मेल तीनदा वाचला.