व्यायामाच्या खोलीतली बाई

गुडघे बदलण्याचं ऑपरेशन झाल्यावर मी ठाण्यातल्या एका दवाखान्यात व्यायामाला जात असे. नव्वदचं दशक होतं, तेव्हा अशा ऑपरेशनचं नवल वाटे. तिथं कोपरीची एक म्हातारी कोळीण येई. तिचेही गुडघे बदललेले. वॉकर धरून चालताना ती स्वतःच्याच पायाला दरडावायची, "चल गो बाय, लाडात येऊ नको!" तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

व्यायाम संपला की मी खुर्चीत ऐटीत बसे आणि माझी बायको खाली बसून मला मोजे, बूट घाली. खरं तर मला वाकायला केव्हाच जमू लागलं होतं. उठताना मात्र ती खुर्चीचा आधार घेई.

एकदा म्हातारीनं ते पाहिलं. "साहेब, गुडघे तुमचे बदलले, आन् झिजवताय हिचे?"

"राहू द्या हो मावशी, मला सवय आहे," बायको हसली.

"तुला सवय गो, पन तुझ्या गुडघ्यांना इचार!"

मला राग आला. दुसऱ्याच दिवशी मी व्यायामाची वेळ बदलून घेतली.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत अजूनही माझ्या जिद्दीचं कौतुक होतं आणि मी ते ऐकून घेतो. पुढे बायकोला जिना उतरवेना. डॉक्टरांनी तिलाही ऑपरेशन सुचवलं, तेव्हा मीच म्हणालो, "आता या वयात कशाला?" ती शेवटपर्यंत घरातच राहिली.

ती माझ्याहून वयानं लहान होती.