बुडालेला विसार

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यांवरून तो कवळ्या घडवायचा. बत्तीस वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर त्याला आणि बायकोला एका निवृत्त शिक्षिकेचं तिसऱ्या मजल्यावरचं घर पसंत पडलं. भाव ठरला. किमतीचा दहावा भाग त्याने विसार म्हणून दिला.

विसारपावती त्याने दोनदा वाचली. घेणाऱ्याने माघार घेतली तर विसार बुडाला. विकणारीने घेतली तर तिने दुप्पट परत करायचा. बँकेने कर्ज नाकारलं तर विसार परत मिळावा, एवढी ओळ त्याने हट्टाने घालून घेतली. एवढा कीस काढाल तर घर राहील बाजूला, असं दलाल कुरकुरला. शिक्षिकेने मात्र मुकाट्याने सही केली.

कर्ज मंजूर झालं. खरेदीखताला अकरा दिवस उरले असताना बायकोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली. इमारतीला लिफ्ट नव्हती. पावतीत आजारपणाबद्दल अवाक्षर नव्हतं.

तो शिक्षिकेकडे गेला. विसार मागायला आलो नाही, फक्त व्यवहारातून मोकळं करा, म्हणाला. तिने आधी बायकोची चौकशी केली. मग सांगितलं, की त्याच्या शब्दावर तिने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली होती आणि बहिणीच्या गावी स्वतःसाठी घर ठरवलं होतं.

"तुमचे पैसे माझ्याकडे नाहीतच," ती म्हणाली. "त्या घराचा विसार म्हणून ते पुढे गेले."

"तुमच्या हक्काचेच आहेत," तो म्हणाला आणि चहा न घेता उठला.

दोन महिन्यांनी शिक्षिका त्याच्या कामाच्या खोलीत आली. घर विकलं गेलं होतं, थोडं पडत्या भावात. जेवढी खोट आली तेवढी कापून उरलेला विसार तिने टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी ठेवला. पावतीप्रमाणे तिला दमडीही द्यायची नव्हती. त्याने नको म्हटलं नाही.

त्यातूनच अनामत भरून तळमजल्यावरची एक जागा भाड्याने मिळाली. बायकोला ती कधीच आवडली नाही.

"त्या बाईने कापले कशाला?" ती अधूनमधून विचारायची.

"मीही कापले असते," तो म्हणायचा.

मग ती दिवसभर अबोला धरायची, आणि तो खाली मान घालून कुणाचे तरी दात घासून गुळगुळीत करत बसायचा.