जिन्यावरची बादली

आठ जून, रविवार. वर्गणी माणशी शंभर, आमचे दोनशे. हजर एकवीस, आम्ही दोघं धरून.

आदर्श नगरात विमा कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी महिन्यातून एकदा जयपुरातली मराठी कुटुंबं जमतात. मुलं कविता म्हणतात. मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच गेलो होतो. साहेबांच्या पत्नीने, सगळे त्यांना काकू म्हणतात, दारातच आडनाव विचारलं. ऐकून "बरं बरं" म्हणाल्या. मी बूट काढले. काकूंनी नाकाला ओढणी लावली.

"तुम्ही बाहेरच पाय धुऊन घ्या. आत सतरंजी नवी आहे."

जिन्यावर बादली आणली गेली. प्लॅस्टिकचा मग. जंतुनाशकाची बाटली. मी धुतले. एकोणीस जण बघत होते. मुलगीही.

वास येत होता. खोटं का बोलू? मी रेल्वेत ट्रॅकमन. रोज बारा किलोमीटर रूळ तपासत चालतो. नऊ तास पाय जाड बुटात. त्या दिवशी ड्यूटीवरून तसाच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. त्यांनी टाचेवरचे बारीक खड्डे दाखवले. म्हणाले, "घामाला वास नसतो. ओल्या बुटात जंतू वाढतात, वास त्यांचा." मलम दोन वेळा. बोटांच्या फटी कोरड्या ठेवायच्या. सुती मोजे, दुपारी बदलायचे. बुटांचे दोन जोड, एक आड एक दिवस, म्हणजे दुसरा पूर्ण वाळतो. सगळं केलं. तीन आठवड्यांत वास गेला. बायकोने जवळून वास घेऊन सांगितलं.

सहा जुलै. अंघोळ करून, चपला घालून, मुलीला घेऊन गेलो. बादली जिन्यावर होतीच.

आमच्या पुढे एक बँकेतले साहेब होते. जिममधून थेट आलेले. त्यांनी बूट काढले आणि आतून कुणीतरी ओरडलं, "काय साहेब, बुटात उंदीर मेलाय का?" सगळे हसले. साहेबही. हसतच सतरंजीवर जाऊन बसले.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही धुऊन या हं. तिचेही धुवा."

"आज वास नाही, काकू. बघा."

"तसं नाही हो. बाहेरच्या खोलीत आमचा देव्हारा आहे. समजून घ्या."

समजलं. डॉक्टरकडे यावर मलम नव्हतं.

मागे बघितलं तर मुलगी बादलीपाशी बसली होती. एक सँडल काढून, हातात भरलेला मग घेऊन. कुणी दुसऱ्यांदा सांगायची वाट न बघता.

मी तिच्या हातातला मग काढून घेतला. पाणी जिन्यावर ओतलं. तिला सँडल घातली.

"पप्पा, मतलब माझे पाय गंदे आहेत?"

"नाहीत."

तिने कवितेच्या बारा ओळी पाठ केल्या होत्या. कुणी ऐकल्या नाहीत. शाळेत हिंदी, खेळताना हिंदी. घरी आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. हे ठिकाण एकच होतं. तिचं मराठी सुटणार, मला दिसतंय.

सुटू दे. पाय धुऊन आम्ही कुणाच्या घरात शिरणार नाही. मी नाही, ती नाही.

जुलैचे दोनशे दिले नाहीत. त्या दिवशी दिले ते ऐंशी. परतीच्या ई-रिक्षावाल्याला.