चमचाभर पाणी, चमचाभर पेज

माझी लेक तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही कऱ्हाटीला राहायचो. नवऱ्याची नोकरी इंदापूरला, तो शनिवारी घरी यायचा. एरवी घरात मी, लेक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

एकदा लेकीला पहाटेपासून उलट्या लागल्या, मागोमाग जुलाब. सकाळी तिला सुप्याला दवाखान्यात नेलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोटाचा व्हायरल आहे म्हणाल्या, पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या.

"उलट्या कमी झाल्या की पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, केळं द्या. दूध थोडे दिवस नको, बाटलीतलं गोड काही नको. पण उपाशी ठेवू नका." मग पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "रडताना डोळ्यांत पाणी येतं का?"

मी बघितलंच नव्हतं.

"आता बघत राहा. दुपारपर्यंत लघवी झाली नाही, किंवा पोर गुंगीत गेली, तर सरळ बारामतीला न्या."

घरी आल्यावर तिनं पाणी मागितलं. मी पुडीचं पाणी पेलाभर दिलं. ती घटाघटा प्यायली आणि सगळं माझ्या अंगावर उलटलं. त्यानंतर माझा हात पेल्याकडे जाईना. पोटाला जरा विसावा देऊ, असं मी मनाला समजावत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते. थोड्या वेळानं ती रडायला लागली. मी वाकून पाहिलं. ओठ वाकडे झालेले, आवाज येत होता, पण गाल कोरडे होते.

"आत्या, हिच्या डोळ्यांत पाणी नाहीये."

आत्या पेज ढवळत होत्या. पळी ठेवून आल्या, नातीचं तोंड पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. उसात बिबट्या आलाय म्हणून गाव दारं लावून बसलं असताना एकटी गोठ्यात जाणारी ही बाई.

"तुझ्या नवऱ्याच्या आदी मला एक पोरगी व्हती," त्या म्हणाल्या. "आशीच हगवण लागली. समदी म्हणाली, पाणी दिऊ नगं, पाण्यानं जास्ती हुतंय. मी न्हाय दिलं. ती तांब्याकडं हात करायची."

लग्न होऊन आल्यापासून या घरात हे कुणी बोललं नव्हतं. पुढचं मी विचारलं नाही.

आत्याच उठल्या. वाटीत पुडीचं पाणी घेतलं, नातीला मांडीवर घेतलं. "पेला नगं. चमच्यानं दे. उलटलं तर दम खा, परत दे. थांबायचं न्हाय."

शेजारच्यांना मी गाडी दारात लावून ठेवायला सांगितली आणि चमचा हातात घेतला. एक घोट, मग वाट बघायची. एकदा परत उलटलं. मी आत्यांकडे पाहिलं.

"दे," त्या म्हणाल्या.

मग ती डोळे मिटायला लागली. झोप की गुंगी, कळेना. मी हाका मारत, तळपाय चोळत तिला जागं ठेवत राहिले. शेवटी ती वैतागून रडली. आत्यांनी तिच्या गालावरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठा ओला होता.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मुतली." लुगडं भिजलं होतं, तरी नातीला मांडीवरून न उतरवता त्या तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी तिनं मीठ घातलेली पेज चाटली. दुसऱ्या दिवशी कुस्करलेलं अर्धं केळं, मग ताकात कालवलेला मऊ भात. भीती मात्र हटली नव्हती. मुगाच्या खिचडीचा पहिला घास गिळून तिनं ढेकर दिला, तशा आम्ही दोघी दचकून उभ्याच राहिलो. काहीच झालं नाही. तिनं दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

लेक झोपल्यावर उरलेली फिकी खिचडी मी आम्हा दोघींना वाढली. जेवताना आत्यांना त्यांच्या गेलेल्या पोरीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मान खाली घालून जेवू लागल्या.